वॉर्डातल्या पहिल्या पोस्टिंगआधी टॅटू, चमकी वगैरेचं काय करायचं

नर्सिंगला नंबर लागला की सगळे आधी पांढरे शूज घ्यायला पळतात, पण त्याआधी अर्ध्या बाह्यांचा युनिफॉर्म घालून आरशासमोर उभं राहा आणि काय काय दिसतंय ते बघा. दंडावरचा, पाठीवरचा टॅटू झाकला गेला तर विषय संपला. मनगटावरचा दिसणारच, आणि तो घड्याळ नाहीतर स्लीव्ह घालून लपवायचा विचार असेल तर सोडून द्या, कारण हात नीट धुवायचे तर मनगट मोकळंच लागतं आणि ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, तर कोपरापर्यंत स्क्रब करावं लागतं. जुना भरलेला टॅटू जंतू पसरवत नाही हो, ओली स्लीव्ह पसरवते! आमच्या इन्चार्ज सिस्टरच्या हातावर जत्रेत काढलेलं गोंदण होतं आणि टॅटूवरून सगळ्यात जास्त ओरडायच्या त्याच. असो.

प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा, म्हणून फी भरायच्या आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या, तोंडी ‘चालतं गं’ वर जाऊ नका. मिलिटरी नर्सिंग डोक्यात असेल तर अजून जपून, लष्कराच्या भरतीत हाताच्या कोपर ते मनगट आतल्या बाजूचा आणि तळहाताच्या मागचा टॅटू चालतो, बाकी ठिकाणी आदिवासी परंपरेचं गोंदण असेल तरच सूट.

नवीन काढायचाच असेल तर सुट्टी लागल्या लागल्या काढा, वरची कातडी भरायला २ ते ४ आठवडे जातात, तोवर ती उघडी जखमच, ती घेऊन वॉर्डात जायचं नाही. सुई समोर नवीन फोडायला लावा. हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) च्या लसीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, त्यामुळे पहिला आजच घ्या. आणि टॅटूनंतर १२ महिने रक्तदान बंद, म्हणजे कॉलेजच्या कॅम्पमध्ये तुम्ही बिस्किटं वाटणार.

नाकात बारीक चमकी बऱ्याच ठिकाणी चालवून घेतात, रिंग आणि लोंबतं कानातलं नाही, पेडियाट्रिकला, म्हणजे लहान मुलांच्या वॉर्डात, बाळ कसं ओढतं ते एकदा कळलं की तुम्हीच काढाल. कानाच्या वरच्या कडेला टोचलेलं भरायला ६ महिने ते वर्ष लागतं, म्हणून पोस्टिंगच्या आदल्या आठवड्यात टोचू नका, काढायला लावलं तर भोक बुजतं आणि पैसे गेले.

काढलेलं ठेवायला बॅगेत छोटी डबी हवीच. मी चमकी टिश्यूत गुंडाळून ठेवली होती, ती कुणीतरी उचलून हॉस्पिटलच्या जंतुसंसर्गी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली, आणि पिवळ्या पिशवीत हात घालायचा नसतो.