कासवांच्या सीझनला किनाऱ्यावर राखण करताय? मग एवढं बघाच

शहरातल्या किनाऱ्यावर कासवापेक्षा लाइट आणि माणसं सांभाळणं हेच मोठं काम असतं, हे आधीच सांगते. परवानगी असलेल्या टीमसोबतच जा, एकट्याने नको.

फेरी भरतीच्या रेषेजवळून मारायची, गडद कपडे, टॉर्च बंद. डोळे अंधाराला सरावतात हो, थोडा वेळ द्या. लागलाच तर मंद लाल लाइट, तोही खाली वाळूवर. ट्रॅक्टरच्या टायरसारखा माग दिसला की तो तुडवू नका आणि मादी पाण्यातून वर येताना दिसली तर आहात तिथेच खाली बसा, कारण अंडी घालायच्या आधी ती फार बिचकते, जरा हालचाल दिसली की तशीच मागे फिरते. डोळ्यातून पाणी गळताना बघून लोक म्हणतात रडतेय बिचारी, पण ती अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकत असते. फोटो नको, फ्लॅश तर अजिबातच नको.

अंड्यांना हात लावायचा नाही म्हणजे नाही. एका घरट्यात साधारण 100 असतात, घातल्यावर काही तासांतच आतला जीव कवचाला चिकटतो आणि मग अंडं नुसतं फिरलं तरी मरू शकतो. हलवायचंच असेल तर ते शिकलेल्या माणसाचं काम. आपण कुत्री येऊ नयेत म्हणून जाळी लावायची, संध्याकाळी मुलांनी खणलेले खड्डे बुजवायचे, खुर्च्या उचलायला लावायच्या.

साधारण 45 ते 60 दिवसांनी घरट्यावरची वाळू मधोमध खचते, बशीसारखी. ते दिसलं की समजा आलीच पिल्लं! ती जिकडे उजेड जास्त तिकडे धावतात, निसर्गात तो समुद्राकडे असतो पण शहरात रस्त्याकडे, म्हणून समोरच्या सोसायट्या न हॉटेलवाल्यांना सीझनच्या आधीच प्रत्यक्ष जाऊन भेटा, समुद्राकडचे दिवे बंद करा नाहीतर पडदे ओढा म्हणून सांगा, नाही ऐकलं तर परत जा. पिल्लांना उचलून पाण्यात सोडू नका, वाट मोकळी करा आणि चालू द्या त्यांचं त्यांना.

सकाळी रस्त्यावर भरकटलेलं पिल्लू सापडलं तर बादलीत ओलसर वाळू घालून त्यात ठेवा, वर कापड टाका, सावलीत ठेवा आणि लगेच टीमला फोन करा. बादलीत पाणी भरू नका, ते पोहत राहतं आणि समुद्रात पोचायच्या आधीच दमून जातं.