शॉर्ट सर्किटसाठी ओव्हरलोड रिलेवर विसंबू नका
मोटर स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की मोटर बंद पाडणारा) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यातली पट्टी तापून वाकेपर्यंत शॉर्ट सर्किटचा करंट कॉन्टॅक्टरचे (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटवून टाकतो, रिलेही जाळतो. स्टार्टरच्या मागे, सप्लायच्या बाजूला, एचआरसी फ्यूज (फार मोठा करंट तोडू शकणारा) किंवा एमपीसीबी (मोटरसाठीचा सर्किट ब्रेकर) हवाच, आणि तोही अंदाजाने नाही. स्टार्टर कंपनीच्या कोऑर्डिनेशन तक्त्यातला (कोणत्या स्टार्टरला कोणता फ्यूज किंवा ब्रेकर, ते सांगणारा तक्ता) 'टाइप २' चा मेळ पाहून घ्या. टाइप १ मध्ये दोषानंतर स्टार्टरच बदलावा लागू शकतो. टाइप २ मध्ये पॉइंट फार तर हलके चिकटतात, स्क्रूड्रायव्हरने सहज सुटतात.

फ्यूज उडाला तर तिथे तार गुंडाळू नका, कृपा करून! आधी सप्लाय लॉक करा, केबल आणि मोटर मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासा, पॉइंट उघडून बघा, मग तिन्ही फ्यूज त्याच रेटिंगचे नवे घाला.