चेनसॉने झाड तोडताना आणि घरीच फळ्या पाडताना या चुका टाळा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन, मुरूड, दापोलीवरून गेलं आणि पुढच्या आठवड्यात आमच्या भागात चेनसॉ मिळेनासे झाले. आगरात माड-पोफळी एकमेकांवर आडव्या, रायवळ आंबे मुळासकट उपटलेले, रस्ते बंद. कोयतीपलीकडे हत्यार न धरलेल्या माणसांच्या हातातही तेव्हा पेट्रोलची करवत आली. त्यातली बरीचशी मशीन अजून पडवीत आहेत. मिरगाआधी फांद्या छाटायला ती बाहेर निघतात, आणि हल्ली जुन्या आंब्या-फणसाच्या फळ्या घरीच पाडायची हौसही वाढली आहे. मी हे काम रोज करतो, दुसऱ्यांची बिघडलेली मशीनही माझ्याकडे येतात. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून हे लिहितोय. मशीन सुरू करण्याआधी झाडाभोवती दोन फेऱ्या मारा आणि लाकूड कुठे ताणलंय, कुठे दबलंय ते शोधा. खाली लिहिलेल्या निम्म्याहून जास्त चुका एवढ्यानेच टळतात.

पडलेल्या झाडाला सरळ वरून कापणं

झाड आडवं झालं की माणूस निर्धास्त होतो. खरं तर उभ्या झाडापेक्षा पडलेलं झाड जास्त फसवं. खोड दोन टोकांवर टेकलेलं असेल आणि मध्ये पोकळी असेल, तर वरची बाजू दबलेली असते आणि खालची ताणलेली. वरून कापत गेलात की काप मिटतो आणि बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, चिमटीत अडकतो. एक टोक अधांतरी असेल तर गणित उलटं होतं: वर ताण, खाली दाब. नियम एकच, दबलेल्या बाजूने आधी थोडं कापा, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश, आणि मग ताणलेल्या बाजूने येऊन काप पुरा करा. उतारावर असाल तर कायम ओंडक्याच्या वरच्या अंगाला उभे राहा.

बार अडकलाच तर चालू मशीन हिसके देऊन ओढू नका. आधी मशीन बंद करा, मग कापात पाचर मारून तोंड उघडा. पाचर लाकडाची किंवा प्लास्टिकची घ्या. लोखंडी पाचरीला चेन लागली तर दात गेलेच.

मुळासकट उपटलेल्या झाडाचं भय मला सगळ्यात जास्त वाटतं. खोडाचं वजन मुळांच्या गड्ड्याला वर धरून ठेवत असतं. खोड कापलं की तो गड्डा, मातीसकट, क्षणात मागे आपल्या खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात पोरं उभी राहून बघत असतात, कधी कोणी सावलीला बसलेलं असतं. तिथे कोणी नाही हे स्वतः जाऊन बघा, एक माणूस राखणीला ठेवा, गड्डा दोरखंडाने बांधा आणि बुंध्याला निदान मीटर-दीड मीटर खोड ठेवूनच कापा.

मोठ्या झाडाखाली दबून कमानीसारखी वाकलेली पोफळ किंवा कोवळं झाड दिसलं तर तिला एका घावात तोडू नका. सुटताना ती माणसाचा जबडा फोडू शकते. कमानीच्या आतल्या, दबलेल्या बाजूने थोडं थोडं खरवडत ताण उतरवा, आणि ती उसळेल त्या रेषेत डोकं ठेवू नका.

उभं झाड पाडताना बिजागरीच कापून टाकणं

पाडायच्या बाजूला आधी खाच घ्यायची, बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी खोल. मग मागून, खाचेच्या कोपऱ्यापेक्षा जरा वर, काप घ्यायचा आणि मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी राखायची. ही पट्टी म्हणजे झाडाची बिजागरी. ती आहे तोवर झाड तुमच्या दिशेने वळतं. "अजून पडत नाही" म्हणून माणूस ती पट्टीही कापतो, आणि मग झाड वाटेल तिकडे जातं. न पडणाऱ्या झाडाला पाचर मारा, बिजागरीला हात लावू नका.

माडावर या बिजागरीचा फार भरवसा धरू नका. माडाला आंब्यासारखी वर्षावर्षाची वलयं नसतात. बाहेर कठीण, आत मऊ आणि सगळे सुटे धागे, त्यामुळे ती पट्टी झाडाला हवं तसं वळवत नाही. माडाला वर दोर बांधून दिशा द्यायची. शक्यतो आधी झावळ्या आणि नारळ उतरवून घ्या. माडाचं लाकूड चेनही लवकर बोथट करतं. एका दिवसात तीन माड काढायचे असतील तर कानस खिशातच असू द्या.

फार कललेल्या झाडाला मागून सरळ कापत गेलात तर खोड उभं चिरून मागचा भाग छातीच्या उंचीवर फटकन उसळतो. मागचा काप घेताना मध्येच थांबू नका, तिथे रेंगाळू नका. झाड कललेलं दिसलं आणि हाताला सवय नसली, तर ते काम जाणत्या माणसाला द्या. यात कमीपणा नाही.

मागे सरायची वाट आधीच साफ करा, पडायच्या दिशेच्या उलट, तिरकी. मदतनीस झाडाच्या दुप्पट उंचीइतका लांब हवा. वरून वीजवाहिनी जात असेल तर महावितरणला सांगून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय मशीनला हात लावू नका. वादळानंतर शेजारी कोणाचा तरी जनरेटर चालू असतो, त्यामुळे "लाइट गेलीय" एवढ्यावर विसंबू नका.

शिडीवरून, एका हाताने, बारच्या टोकाने

या तिन्ही गोष्टी एकदमच करताना लोक दिसतात. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येतं, आणि ते इतकं झपकन होतं की हात आवरता येत नाही. पुढची मूठ डाव्या हाताने, अंगठा खालून वळवून धरलेला असेल तरच ती उसळी थोपवता येते आणि चेन ब्रेकचा, म्हणजे उसळी आली की चेन थांबवणाऱ्या दांड्याचा, उपयोग होतो. खांद्याच्या वर मशीन नेऊ नका. लुंगी, उपरणं, सैल बाह्या नकोत. या कामाची खास पँट मिळते. तिच्यात लांब धागे भरलेले असतात. चेन कापडाला लागली की ते धागे स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंतून मशीन थांबवतात. महाग आहे, पण मी तिच्याशिवाय काम करत नाही. कानाला बोळे, डोळ्याला जाळी हवीच.

फांदी खोडाला लागून सपाट कापणं

फांदी जिथे खोडातून निघते तिथे एक फुगीर वळी असते. जखम बंद करायचं काम तीच करते. "नीटनेटकं दिसावं" म्हणून ती वळीच सपाट केली की जखम मोठी होते, कड बंद होत नाही आणि चार-पाच पावसाळ्यांनी खोड पोकळ. उलट, हातभर खुंट ठेवलात तर तो कुजतो आणि कूज आत जाते. काप वळीच्या जरासा बाहेर घ्या. जड फांदीला तीन काप लागतात: हातभर अंतरावर खालून थोडा, मग त्याच्या पुढे वरून पुरा, आणि शेवटी उरलेला खुंट. पहिला खालचा काप चुकवलात तर फांदी पडताना खोडाची साल वीतभर सोलून नेते. जखमेवर डांबर फासण्याने कूज थांबत नाही.

मशीन चालतं, पण कापत नाही

भुस्सा बघा. चुरा जाड, पाकळ्यांसारखा पडत असेल तर चेन धारदार आहे. पिठासारखा पडायला लागला की दात बोथट झाले. अशा वेळी जोर लावून दाबू नका, थांबून कानस मारा. चेनच्या मापाप्रमाणे गोल कानस ४, ४.८ किंवा ५.५ मिलिमीटरची लागते, आणि आडव्या कापाला दात साधारण ३० अंशात घासायचे. प्रत्येक दाताला सारखेच घाव द्या. काप सारखा उजवीकडे किंवा डावीकडे वळत असेल तर एका बाजूचे दात आखूड झालेत किंवा बारची कड झिजलीय. धारदार दातही चावत नसतील तर दातापुढचा छोटा उंचवटा तपासा. तो दातापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली हवा. आणि नवी चेन धूर काढतेय पण कापत नाही, असं झालं तर ती उलटी बसवली आहे का ते बघा. वर्षाला दोन-तीन मशीन माझ्याकडे फक्त यासाठी येतात.

चेनला जळकं इंजिन ऑइल घालायची सवय सोडा. ते पातळ असतं, त्यात धातूचे कण असतात, बार झिजवतं आणि अंगावर-श्वासात जातं. ऑइल पोचतंय का बघायला बारचं टोक ताज्या कापलेल्या बुंध्यासमोर धरून रेस करा, तेलाची रेघ उमटली पाहिजे. चेन गरम असताना ताणली असेल तर काम संपल्यावर लगेच सैल करा. गार होताना ती आवळते आणि इंजिनच्या बेअरिंगवर ताण येतो.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल अंदाजाने ओतू नका. मशीनच्या पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली, आणि मिश्रण टाकीत नाही, कॅनमध्ये करा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते कोकणच्या हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनाभर मशीन ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

फळ्या पाडताना

आधी परवानगी. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, साग, खैर ही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत. स्वतःच्या आगरातलं झाड असलं तरी वन खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या. लाकूड हलवायचं असेल तर वाहतूक परवान्याचंही बघा.

मग स्वतःला विचारा, हे खोड आरागिरणीत नेता येतंय का? येत असेल तर न्या. चेनसॉचा काप आठ-नऊ मिलिमीटर रुंद असतो. आठ काप मारलेत की सात सेंटिमीटरच्या आसपास लाकूड भुश्शात गेलं. टेम्पो पोचत नाही अशा दरीत, पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) काठी पडलेल्या फणसासाठीच ही मेहनत सार्थकी लागते.

साध्या चेनने उभं चिरू नका. चिरायची चेन वेगळी असते, तिचे दात दहाएक अंशात घासलेले असतात. नाहीतर फळीवर नांगरटीसारखे चरे उठतात. दीड फूट रुंद खोडाला ७०–९० सीसीचं इंजिन हवं. छोट्या मशीनवर फळ्या पाडायची फ्रेम लावून दिवसभर चिरणारे बरेच जण पिस्टन जाळून माझ्याकडे येतात. चिरताना इंजिन पूर्ण ताकदीवर सलग चालतं. त्यामुळे प्रत्येक कापानंतर मिनिटभर मंद चालू ठेवून गार होऊ द्या, मगच बंद करा. ओंडका जरा उताराला ठेवा म्हणजे ढकलावं लागत नाही, आणि मशीन पुढे सरकेल तशा मागच्या कापात पाचरी घाला.

घराजवळच्या झाडाच्या खालच्या पाच फुटांत खिळे, कुंपणाची तार, झोपाळ्याचा हूक हमखास असतो. कापात काळानिळा डाग दिसला की थांबा.

ताण इथेही सुटत नाही. कललेल्या खोडाची किंवा जाड फांदीची फळी चिरता चिरताच धनुष्यासारखी वाकते. अशा लाकडाचं सरपण करा. गाभा फळीच्या मध्ये ठेवू नका, तिथूनच ती फाटणार.

आंबा पाडल्यावर पावसाळाभर ओंडका म्हणून ठेवला तर निळा पडतो, भुंगा लागतो. काही आठवड्यांतच चिरा आणि फळ्यांना बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी द्या. फणस जास्त सोशिक आहे, पण टोकं त्याचीही फाटतात. चिरल्याच्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावा. फळ्या जमिनीपासून दीड-दोन फूट वर, सावलीत, मध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या घालून रचा. पट्ट्या एकाखाली एक बरोबर रेषेत यायला हव्यात, नाहीतर पट्टी सरकेल तिथे फळी वाकेल. वर दगड ठेवा. इंचाला एक वर्ष हा ढोबळ हिशेब, आणि त्यात पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ फुकट जातात. टोकाला तारीख लिहून ठेवा. दोन इंची फळीचा दरवाजा पहिल्याच दिवाळीला करायला घेऊ नका.