ऑफिसचा सामायिक क्लाउड डेस्कटॉप: उभारणीपासून डिलीटपर्यंत

लातूरच्या करसल्लागाराच्या ऑफिसातली मुलं आता उदगीर, निलंग्याहून लॉगिन करून एकाच टॅलीवर (हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर) काम करतात. डेस्कटॉप सगळ्यांचा एक, सर्व्हर अझ्युअरच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेच्या, पुणे विभागात. हा सर्व्हर कधीही मोडून नवा उभा करता आला पाहिजे. सगळी मांडणी त्याच हिशेबानं करा.

आधी डेटा वेगळा काढा. टॅलीचा डेटा फाइल शेअरवर (सर्व्हरबाहेरच्या सामायिक फोल्डरमध्ये), युजरचं प्रोफाइल, म्हणजे त्याची सेटिंग्ज आणि फाइल्स, एफएसलॉजिक्समध्ये (प्रोफाइल सर्व्हरपासून वेगळं ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये). सी ड्राइव्हवर क्लायंटची एकही फाइल नको.

मग एका मशीनवर टॅली, प्रिंटर, मराठी कीबोर्ड सगळं बसवून इमेज, म्हणजे नवे सर्व्हर उभे करायचा साचा, तयार करा. इमेजसाठी मशीनची स्वतःची ओळख पुसणारं, म्हणजे ते जनरलाइज करणारं, विंडोजचं टूल म्हणजे सिसप्रेप. ते चालवण्याआधी डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्यायचाच, कारण जनरलाइज केलेलं मशीन पुन्हा सुरू होत नाही.

सर्वात जास्त पैसे वाया जातात ते बंद करताना. विंडोजमधून शटडाउन केलं की अझ्युअर पोर्टलवर (सर्व्हर सांभाळायच्या वेबसाइटवर) नुसतं ‘स्टॉप्ड’ दिसतं आणि मशीनचं भाडं चालूच राहतं. पोर्टलवरूनच स्टॉप करा आणि ‘डीअलोकेटेड’ (मशीन सोडून दिलं, त्याचं भाडं थांबलं) दिसेपर्यंत थांबा. डिस्कचं भाडं तरीही लागतं. मशीन आपोआप बंद व्हायचं वेळापत्रक लावताना टाइमझोन भारताचा निवडा. यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) रात्रीचे 9 टाकले तर मशीन आपल्या मध्यरात्रीनंतर 2:30 वाजता बंद होईल.

आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. समोरचा कॉम्प्युटर बंद पडला तरी सर्व्हरवरचं सेशन जिवंत असतं, अर्धवट व्हाउचर (टॅलीतली नोंद) जागेवरच सापडतं. म्हणून डिस्कनेक्टेड सेशनची मुदत पाच-दहा मिनिटं ठेवू नका, दोन तास तरी द्या. पण मुदत हवीच, नाहीतर विसरलेली सेशन्स रात्रभर मेमरी अडवून बसतात.

सर्व्हर बदलायचा असेल तर त्याला ड्रेन मोड, म्हणजे नवी लॉगिन न घेण्याची सेटिंग, लावा. नवी लॉगिन दुसऱ्या सर्व्हरवर जातात, आत असलेल्यांचं काम चालू राहतं. त्यांना मेसेज पाठवा, ते साइन आउट झाले की मगच मशीन काढा. दरमहा जीएसटी रिटर्न भरणारे क्लायंट असतील तर 11 आणि 20 या शेवटच्या तारखांच्या तोंडावर हे काम काढू नका. मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की आडत्यांच्या नोंदीही वाढतात. तेवढ्या दिवसांसाठी त्याच इमेजवरून आणखी एक सर्व्हर जोडा, हंगाम सरला की काढा.

सर्व्हर डिलीट केल्यावर रिसोर्स ग्रुप (अझ्युअरमध्ये त्याच्याशी संबंधित सगळ्या गोष्टी एकत्र दिसतात तो गट) उघडून पाहा. जुनी डिस्क किंवा पब्लिक आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) मागे राहिला असेल तर तोही डिलीट करा.