विमानाच्या फ्लटरच्या कामात नवीन असाल तर, मी कुठे कुठे अडकलो ते

कॉलेजात फ्लटर (वेगात उडताना विमानाचा पंख किंवा शेपटी आपोआप थरथरू लागणं) एका लेक्चरमध्ये उरकला होता, त्यामुळे कामाला लागलो तेव्हा डोक्यात एकच, फ्लटर म्हणजे रेझोनन्स. तसं नाहीये. रेझोनन्सला बाहेरून कुणीतरी ठराविक तालात ढकलत राहावं लागतं, फ्लटरमध्ये पंख स्वतःच्याच हालचालीतून वाऱ्याची एनर्जी ओढतो. स्पीड वाढला की बेंडिंग (पंख वर-खाली वाकणं) आणि टॉर्शन (पंख पिळणं) या दोन मोडच्या, म्हणजे थरथरण्याच्या प्रकारांच्या, फ्रिक्वेन्सी जवळ येतात आणि फेज, म्हणजे दोघांचा ताल, असा जुळतो की पंख वर जाताना हवाही वरच ढकलते, खाली येताना खाली. फ्लटर स्पीडच्या खाली असाल तर झटक्याने आलेले हेलकावे विरतात, त्याच्या वर गेलात तर वाढत जातात, आणि कधीकधी पायलटला काही कळायच्या आत तुकडे.

माझी दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. मॉडेलमध्ये फ्लटर स्पीड कमी येत होता म्हणून पंखाची बेंडिंग स्टिफनेस (वाकण्याला होणारा विरोध) वाढवली, तर स्पीड अजून खाली आला! दोन दिवस कोडमध्ये बग शोधत बसलो. बग नव्हताच, बेंडिंगची फ्रिक्वेन्सी मीच टॉर्शनच्या जवळ नेऊन ठेवली होती. आमचे सिनियर म्हणाले, "अरे, मजबुती सोड, आधी वजन कुठे बसलंय ते बघ." सीजी (गुरुत्वमध्य) इलॅस्टिक अॅक्सिसच्या, म्हणजे पंख ज्या रेषेभोवती पिळतो तिच्या, मागे होता, तो पुढे सरकवला आणि एकूण वजन तेवढंच ठेवून स्पीड चांगलाच वर गेला.

कंट्रोल सरफेसचंही (विमान वळवणाऱ्या हलत्या फळ्यांचंही) तेच, म्हणून एलेरॉन (पंखावरची फळी), एलेव्हेटरला (शेपटीवरची फळी) हिंजच्या पुढे मास बॅलन्स, म्हणजे तोल सांभाळणारं वजन, लावतात. रंग पुन्हा मारला तरी बॅलन्स परत तपासावा लागतो, कारण जास्तीचा रंग बहुतेक हिंजच्या मागेच बसतो (हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं). 1916 मध्ये हॅन्डली पेज कंपनीच्या बॉम्बर विमानाची शेपटी जोरात थरथरायची, डावा-उजवा एलेव्हेटर वेगवेगळे हलत होते, दोघांना कडक ट्यूबने जोडलं आणि प्रकरण मिटलं. ढिलेपणा पण तितकाच वाईट, 1997 मध्ये एअर शोमध्ये एफ-117 हे लढाऊ विमान पडलं ते एलेव्हॉनच्या (एलेरॉन आणि एलेव्हेटर दोन्हींचं काम करणाऱ्या फळीच्या) सपोर्टमधले फास्टनर बसवायचे राहिले होते म्हणून.

नॅस्ट्रान (स्ट्रक्चरचं गणित करणारं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी दोन डिग्री ऑफ फ्रीडमचं, म्हणजे फक्त वर-खाली आणि पिळणं या दोन हालचालींचं, छोटं कोड स्वतः लिहा, सीजी मागेपुढे करून बघा, एका संध्याकाळचं काम आहे. मोठ्या प्रवासी विमानांना डिझाइन डाइव्ह स्पीडच्या (डिझाइनमध्ये धरलेल्या सर्वात जास्त वेगाच्या) वर अजून 15 टक्क्यांपर्यंत फ्लटर नाही हे दाखवावं लागतं, आणि त्यासाठी मॉडेल आधी ग्राउंड व्हायब्रेशन टेस्टशी (जमिनीवर विमान हलवून केलेल्या मोजणीशी) जुळवून घेतात. मग फ्लाइट टेस्टमध्ये स्पीड थोडा थोडा वाढवत प्रत्येक टप्प्यावर डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे किती लवकर विरतात ते, बघतात. इथे नवीन माणूस हमखास फसतो, मी पण फसलो, ग्राफ छान सपाट दिसला की निवांत होतो. डॅम्पिंग हळूहळू उतरत असेल तर थांबायला वेळ मिळतो, पण काही मोडमध्ये ते शेवटपर्यंत चांगलं दिसतं आणि पुढच्या थोड्याशा स्पीडमध्येच एकदम कोसळतं.