एन्झाइमची गोळी सुरू करण्याआधी

जेवणासोबत घेतलेलं एन्झाइम अन्न पचवण्यात खर्ची पडतं, रिकाम्या पोटी घेतलं तर थोडंफार रक्तात उतरतं. ‘सिस्टेमिक’, म्हणजे रक्तातून शरीरभर काम करतील अशा, एन्झाइमचा सगळा डोलारा या कल्पनेवर उभा आहे. नॅटोकायनेज, सेरापेप्टेज, ब्रोमेलेन ही त्यातली नेहमीची नावं.

सुरुवात आपल्या औषधांच्या डब्यापासून करा. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, रोजची ॲस्पिरिन यांपैकी काही चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या औषधात ही भर पडली तर रक्तस्राव होऊ शकतो. गरोदरपणी आणि रक्तस्रावाचा आजार असताना तर नकोच.

मग लेबल वाचा, आणि सावकाश वाचा. मिलिग्रॅमच्या आकड्याला भुलू नका. एन्झाइमची ताकद युनिटमध्ये मोजतात. नॅटोकायनेज साधारण १०० मिलिग्रॅमला २,००० एफयू (गुठळी विरघळवण्याची ताकद मोजायचं युनिट), सेरापेप्टेज १० मिलिग्रॅमला २०,००० युनिट असं सहसा असतं. युनिट छापलेलंच नसेल तर बाटली परत ठेवा. सेरापेप्टेज जठरातल्या आम्लात टिकत नाही, म्हणून गोळीवर आम्लरोधक आवरण हवं. ती फोडून किंवा चावून खाल्ली की पैसे पाण्यात. मूळ कशात आहे हेही बघा. नॅटोकायनेज आंबवलेल्या सोयाबीनमधून येतं, ब्रोमेलेन अननसाच्या देठातून, तर ट्रिप्सिन बहुधा प्राण्यांच्या स्वादुपिंडातून. ॲलर्जी असणाऱ्यांना आणि शाकाहारी लोकांना हे कळायला हवं.

एका वेळी एकच एन्झाइम, कमीत कमी मात्रेत, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, पाण्याबरोबर.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २६५ जणांना तीन वर्षं रोज २,००० एफयू नॅटोकायनेज किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली होती. धमन्या जाड होण्याच्या वेगात काही फरक पडला नाही. सेरापेप्टेज तर जपानमध्येच विकसित झालं, आणि निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरलं नाही म्हणून २०११ मध्ये तिथूनच मागे घेतलं गेलं. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ या दाव्याला तर याहून कमी आधार आहे. रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी एन्झाइमच्या भरवशावर सोडू नका.

हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शौच यांतलं काही दिसलं तर एन्झाइमची गोळी त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरकडे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी थांबा आणि सर्जनला तसं सांगा. दात काढायचा असेल तर दंतवैद्यालाही सांगा. ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.