मायग्रेन महिनाभर पाठ सोडत नाही, मग लोकांना भेटायचं कसं?

महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय, त्यातले निदान ८ दिवस मायग्रेनची लक्षणं असतात आणि हे तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललंय, तर डॉक्टर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. आता अर्धा महिनाच असा जाणार असेल तर "पूर्ण बरं वाटलं की भेटू" म्हणत बसून काही होत नाही, कारण तो पूर्ण बरा दिवस नेमका कोणाला तरी वेळ असलेल्या दिवशी येईल याची काय गॅरंटी? त्यामुळे डोकं कधीही उठू शकतं हे धरूनच प्लॅन करायचे.

सुरुवात डायरीने करा. डोकं कधी उठलं, झोप किती झाली, जेवण चुकलं का, कुठली गोळी घेतली हे बरेच जण लिहितात, पण अजून एक रकाना ठेवा, आज कोणाला भेटलो आणि काय रद्द केलं. महिना-दोन महिन्यांत कळायला लागतं की बाबा रात्रीच्या गोंगाटातल्या भेटी हमखास फसतायत आणि सकाळच्या निवांत जमतायत, किंवा उलटंही असेल. अटॅकच्या आधी काही तास ते एक-दोन दिवस शरीर इशारे देतं, सारख्या जांभया, मान आखडणं, उगाच चिडचिड, गोड खावंसं वाटणं. चॉकलेट खाल्लं म्हणून डोकं उठलं असं आपण म्हणतो पण कधीकधी ते खावंसं वाटणं हीच अटॅकची सुरुवात असते. हे इशारे ओळखता आले की प्रोग्रामच्या दोन तास आधी नाही म्हणण्याऐवजी आदल्या दिवशीच सांगता येतं, समोरच्यालाही बरं पडतं.

मग लोकांना सांगायचं, आणि ते डोकं शांत असताना सांगायचं. सगळ्यांना अख्खा आजार समजावत बसू नका, दोन-चार जवळचे पुरे. काहीतरी असं, "मला मायग्रेन आहे, त्यात उजेड आणि आवाज सहन होत नाही, मळमळतं, कधी बोलताना शब्दच सापडत नाहीत. ऐनवेळी नाही म्हटलं तर तुझ्यावर राग नाहीये. आणि प्लीज, मला बोलवायचं बंद करू नकोस." हे शेवटचं वाक्य गाळू नका, कारण दोन-तीनदा नकार आला की चांगले लोकसुद्धा "तिला उगाच त्रास नको" म्हणून विचारणं सोडून देतात आणि आपल्याला वाटतं ते विसरले. कोणीतरी "पाणी पी, योगा कर" म्हणणारच, त्यावर "हो हो" म्हणून विषय बदला, वाद घालण्याइतकी एनर्जी कोणाकडे आहे?

भेटी छोट्या ठेवा. पाऊण तास, दिवसा, शांत जागा, खिडकीकडे पाठ करून बसायचं, परत यायची सोय स्वतःच्या हातात. आपण नसलो तरी पुढे चालेल असा चार-पाच जणांचा प्लॅन असला की रद्द करताना फार अपराधी वाटत नाही. घरी बोलवावं का? उजेड, आवाज, वास सगळं आपल्या हातात असतं खरं, पण डोकं उठलं तर आपल्याच घरातून उठून जाता येत नाही, म्हणून माझं मत असं की दुसऱ्यांकडे जाणं सोपं. परफ्यूमचा त्रास होत असेल तर जवळच्यांना सरळ सांगून टाका.

भेटीच्या दिवशी झोपेची वेळ बदलू नका, जेवण टाळू नका. दारूचा त्रास होत असेल तर ग्लासात दुसरं काहीतरी घ्या, कोणी बघत नाही. गोळी, पाणी, इअरप्लग आणि उन्हासाठी गॉगल बॅगेत कायमचे राहू द्या. गॉगल घरात मात्र दिवसभर लावू नका, डोळ्यांना अंधाराची सवय झाली की उजेड अजूनच टोचतो. अटॅकवरची गोळी दुखणं सुरू होतानाच घेतली तर सहसा जास्त चांगली लागू पडते, पण मोजून. ट्रिप्टान (मायग्रेनचा अटॅक थांबवायच्या खास गोळ्या) किंवा कॉम्बिनेशनच्या, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या महिन्यात १० किंवा जास्त दिवस, साध्या पेनकिलर १५ किंवा जास्त दिवस असं काही महिने चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. म्हणून प्रत्येक समारंभाआधी "सेफ्टी म्हणून" स्वतःच्या मनाने गोळी नको. प्रत्येक वेळी लागतेच असं असेल तर अटॅक कमी करणाऱ्या उपचारांबद्दल डॉक्टरांना विचारा, प्रोप्रॅनोलॉल किंवा टोपिरामेटच्या गोळ्या, दर १२ आठवड्यांनी बोटॉक्सची इंजेक्शनं, सीजीआरपी (मायग्रेनमध्ये हात असलेलं शरीरातलं एक प्रथिन) अडवणारी इंजेक्शनं असे पर्याय आहेत, आणि डायरीतला तो रद्दचा रकाना दाखवा, "खूप दुखतं" पेक्षा त्यातून डॉक्टरांना जास्त कळतं. (अचानक एका मिनिटात असह्य दुखलं, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली, तापासोबत मान आखडली, तर नेहमीचंच आहे म्हणून झोपून राहू नका, ताबडतोब हॉस्पिटल.)

रद्द करायचा मेसेज आधीच लिहून फोनमध्ये ठेवा कारण तेव्हा स्क्रीनकडे बघवत नाही. "डोकं उठलंय, येत नाही, बरं वाटलं की मी फोन करते." सॉरी एकदाच. आणि मग फोन खरंच आपणच करायचा, नवीन तारीखही आपणच द्यायची, माझ्या मते नात्यांचं सगळं इथेच ठरतं, नकारानंतर आपण शरमेने गप्प बसतो तिथे. दुखणं थांबल्यावरही एखादा दिवस गळून गेल्यासारखं असतं, तो जाऊ द्या मग करा. फारच वाईट आठवड्यात अंधारात पडून व्हॉइस नोट पाठवली तरी चालेल.

लग्नबिग्न असेल तर पूर्ण कार्यक्रमाचा हट्ट नको, त्यातला एक भाग निवडा, घरच्या एकाला आधी सांगून ठेवा, स्पीकरपासून लांब आणि दाराजवळ बसा. निघताना सगळ्यांचा निरोप घेत फिरलात की अजून एक तास गेलाच, त्या एकालाच सांगून सटका आणि बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी मेसेज करा.